पहिला टप्पा

खुंटे चांगले होते, यात वाद नाही. ताठ, जड लाकडाचे, डोक्याला लाल रंग फासलेले. ओढ्याच्या वळणावर, धुण्याच्या दगडांच्या जरा वरच्या अंगाला, कोणीतरी ते एका ओळीत ठोकून गेलं होतं. इस्त्रीवाल्याच्या दोरीचे जुने खुंटे कुजून मऊ झाले होते. भट्टीतून चादरींचा ढीग निघालेला, दोरीची टोकं बांधायला काही नाही आणि समोर हे आयते खुंटे. त्यानं ते उपटले, ऊन कुठे जास्त वेळ टिकतं ते बघून पुन्हा ठोकले आणि दोरी ताणली. कपडे धुणाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाला जमिनीतला खुंटा दिसला की आधी दोरीच आठवते. पालिकेचा आराखडा त्याला कुठून आठवणार?

दुपारी पालिकेचा मुकादम आला आणि त्यानं आकाशपाताळ एक केलं.

"कुणी उपटले? कुणाच्या बापाचे आहेत हे?"

"कुणाचेच दिसले नाहीत, म्हणून घेतले," इस्त्रीवाला म्हणाला. त्याला खरंच तसं वाटलं होतं.

मुकादमानं दोरी सोडू दिली नाही. लाथेनं पहिला खुंटा पाडला, त्याबरोबर सगळ्या ओल्या चादरी चिखलात आल्या. मग इस्त्रीवाल्याला उकिडवं बसवून, बोट दाखवेल तिथे एकेक खुंटा पुन्हा ठोकायला लावला. "अजून डावीकडे. अरे, डावा हात कळतो का तुला?" इस्त्रीवाला "हो साहेब, हो साहेब" करत ठोकत राहिला. बरोबरचे मजूर तोंडावर हात धरून हसत होते.

इस्त्रीवाल्याची बायको, त्या घरची सून, गुडघाभर पाण्यात उभी राहून हे बघत होती. नवरा मऊ आहे हे तिला लग्नाच्या आठवड्यातच कळलं होतं आणि त्याबद्दल तिची तक्रार नव्हती. कडक माणसाच्या हाताखाली नांदणं तिनं माहेरी पाहिलं होतं. पण आज तिला त्याची लाज वाटली आणि लाज वाटली याचा स्वतःवर रागही आला.

"हे कशासाठी आहेत तेवढं तरी सांगाल का?" ती पाण्यातूनच ओरडली.

"गावाच्या भल्यासाठी. तीस वर्षांचा आराखडा आहे. गावाचं सगळं सांडपाणी नळातून येऊन इथं ओढ्यात पडणार."

"इथं म्हणजे? आमच्या दगडांच्या वर?"

मुकादमानं दगडांकडे बघितलं, जणू ते आत्ताच उगवले होते. "मग काय तुमच्या डोक्यावर?" तो म्हणाला. आता मजूर मोकळेपणी हसले.

चिखलातल्या चादरी पुन्हा धुवायला दिवस मावळला. म्हाताऱ्या सासूनं दिव्याच्या उजेडात एकेक चादर तपासली. गाव तिला निळी म्हणायचं, कारण नीळ कालवून कालवून तिची नखं कायमची निळी झाली होती. तिच्या घराचा एकच कायदा होता. वास येणारा, डाग राहिलेला कपडा उंबऱ्याबाहेर जायचा नाही. राहिलाच तर पुन्हा धुवायचा, आणि पुन्हा धुण्याचे पैसे मागायचे नाहीत. कोणी कौतुक केलं तर ती म्हणायची, "कौतुक कसलं? वास घेऊन जायला लोक आपल्याकडे येतात होय?"

खोदकाम झपाट्यानं झालं. चांगलं काम रखडतं आणि नको ते वेळेवर होतं, ही जगाची रीतच आहे. कडक उन्हाळ्यात ओढा बारीक झाला आणि त्याच सुमाराला नळाचं तोंड उघडलं. हंड्याएवढं मोठं भोक, त्यातून आधी भकभक हवा आली, मग काळं पाणी. वर साबणाचा फेस, खाली गाळ. दगडांपाशी येईपर्यंत ते ओढ्यात नीट मिसळतही नव्हतं. एका बाजूनं काळं वाहायचं, एका बाजूनं मातकट. मग दोन्ही एक व्हायचं.

पहिल्याच दिवशी म्हातारीनं पाण्यातून एक चादर काढली, नाकाशी धरली आणि घडी न घालता बाजूला ठेवली.

"डोहावरनं पाणी आणायचं," ती म्हणाली.

डोह म्हणजे वळणाच्या वर, कड्यावरचा पाण्याचा साठा. नळाचं तोंड त्याच्या खाली होतं, म्हणून तो तेवढा स्वच्छ राहिला होता. तिथं धुवायला जागा नव्हती, नुसता कातळ. पाणी डब्यांत भरून, खांद्यावर काठी घेऊन, निसरड्या पायवाटेनं खाली आणायचं, हौदात ओतायचं आणि पुन्हा वर जायचं. कपडे आधी ओढ्याच्या पाण्यात बडवायचे आणि मग डोहाच्या पाण्यात खळबळून काढायचे, पाणी नितळ होईपर्यंत. भट्टीलाही तेच पाणी. सुनेच्या खांद्यावर काठीचा वळ उठला, मग तिथली कातडी कडक झाली. काळ्या पाण्यात उभं राहून पोटऱ्यांवर फोड आले. रात्रंदिवस खाज. म्हातारी कडू पाला वाटून लावायची.

"हे असं किती दिवस?" सुनेनं विचारलं.

"पालिकेत जाऊन सांगू ना," इस्त्रीवाला म्हणाला. मग स्वतःच जरा घाबरला. "म्हणजे, नीट सांगू. पाण्यात राहून माशाशी वैर नको."

"पाणी कुठे राहिलंय?" सून म्हणाली.

पालिकेत त्यांना बाकावर बसवलं. बाक भिंतीला आणि भिंतीवर आराखडा. मोठा, रंगीत, काचेमागे. निळ्या रेषा पिण्याच्या पाण्याच्या, तपकिरी सांडपाण्याच्या. येणाऱ्या काळातल्या नव्या वस्त्या पिवळ्या रंगात, अजून बांधलेल्या नव्हत्या तरी त्यांच्या दारापर्यंत दोन्ही रेषा गेलेल्या. ओढ्याचं वळण सुनेनं बोटानं शोधून काढलं. तिथं तपकिरी रेष संपत होती. पुढे हिरवा रंग होता आणि त्यावर दोन शब्द लिहिले होते: मोकळी जागा.

आराखडा करणारी इंजिनिअर बाई आतून आली. तरुण, थकलेली, हातात गुंडाळलेले कागद. तिनं ऐकून घेतलं. तेवढा मान कोणी दिला, म्हणून इस्त्रीवाला उठून उभा राहिला.

"शुद्धीकरण केंद्र होणारच आहे," ती म्हणाली. "पण ते दुसऱ्या टप्प्यात. पहिल्या टप्प्यात नळ."

"दुसरा टप्पा कधी?" सुनेनं विचारलं.

"दहा वर्षांनी."

"म्हणजे दहा वर्षं घाण सोडायची आणि मग ती साफ करायचं बघायचं. आधी कळस, मग पाया!"

इंजिनिअर बाईनं खाली बघितलं. "मी तसं सुचवलं नव्हतं," ती हळू म्हणाली. पण तेवढ्यात अध्यक्ष आले आणि तिचं वाक्य तिथंच राहिलं.

अध्यक्ष हसतमुख माणूस. प्रत्येकाच्या खांद्यावर हात ठेवून बोलायची सवय. "निळीची सून ना तू? अगं, तुमच्या घरचे कपडे घालूनच मी निवडणुकीला उभा राहिलो. हे बघ, तुम्ही आजचं बघता, आम्हाला तीस वर्षांचं बघावं लागतं."

"आजच्या पाण्यातच उद्याचे कपडे धुवायचेत, साहेब. पाणी काळं येतंय."

अध्यक्षांनी स्वतःच्या सदऱ्याची बाही तिच्यापुढे धरली. परवाच तिनं धुतलेला सदरा, नवऱ्यानं इस्त्री केलेला. "हुंग," ते म्हणाले. "येतोय वास? कसा पांढरा शुभ्र आहे बघ. कपडे तर पहिल्यासारखेच येतात गावाला. एकाचीही तक्रार नाही. मग काळं पाणी म्हणायचं कशाला?"

अध्यक्षांनी इस्त्रीवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला. "केंद्र झालं की पहारेकऱ्याची जागा निघेल. तुझ्यासारखा शांत माणूस हवा. तोवर कशाला उगीच गाजावाजा? अं?"

परत येताना इस्त्रीवाला अध्यक्षांचा हात पडलेला खांदा चाचपत होता. मग म्हणाला, "नोकरी म्हणजे बरंच असतं की."

सून रस्त्यातच थांबली. उन्हात, माणसांच्या गर्दीत. "आपणच," ती म्हणाली.

"काय आपणच?"

"आपणच त्यांचा वास धुऊन देतोय. खांदे सोलवटून डोहावरनं पाणी आणतोय ते कशासाठी? त्यांच्या नळाचा वास त्यांना येऊ नये म्हणून. त्याचेच पैसे घेतोय आणि वर त्यांनाच सांगतोय की वास येतो. कोण विश्वास ठेवील?"

घरी आल्यावर तिनं हे सासूला सांगितलं. आणि आणखी एक गोष्ट सांगितली. पालिकेच्या फळ्यावर लिहिलं होतं, येत्या आठवड्यात वरचे साहेब येणार होते, नळ आधीच टाकून झालेल्या आराखड्याला मंजुरी द्यायला. पालिकेत लोकांसमोर सुनावणी होती. आदल्या दिवशी ते विश्रामगृहात उतरणार आणि त्या खाटांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टॉवेल याच घरात धुवायला येणार. विश्रामगृह हे घराचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. अर्धी चूल त्याच्यावर पेटायची.

"त्या चादरी ओढ्यातच धुवायच्या," सून म्हणाली. "डोहाचं पाणी नाही. जिथं त्यांनी आपल्याला ठेवलंय, तिथलंच पाणी."

म्हातारीनं हातातली कपडे बडवायची थापी दगडावर आपटली. एवढा आवाज त्या थापीचा कपड्यांवरही कधी झाला नव्हता. "ह्या उंबऱ्यावरनं वासाचा कपडा? माझ्या सासूनं मला एक दगड दिला आणि एक अब्रू दिली. दगड त्यांनी बुडवला, अब्रू तू बुडव!"

सून काठी उचलून डोहाकडे निघाली. सासूपुढे तिची जीभ सहसा चालायची, पण आज म्हातारी रडेल की काय असं तिला वाटलं आणि ते तिला बघवलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सुनेचा पाय फोडांनी सुजला. पाय खाली ठेववेना. इस्त्रीवाला गिऱ्हाइकांकडे गेला होता. म्हातारी कोणाला न सांगता काठी घेऊन डोहावर गेली. त्या वयात, भरलेले डबे घेऊन. ती कातळावरून घसरली. डबे गडगडत ओढ्यापर्यंत गेले, त्यांच्या आवाजानं सून लंगडत धावली. म्हातारी कातळाला टेकून बसली होती आणि उजवं मनगट डाव्या हातात धरलं होतं. मनगट वाकडं झालं होतं. पण ती मनगटाकडे बघत नव्हती. उंचावरून तिला पूर्ण वळण दिसत होतं: नळाचं तोंड, काळा पट्टा, तिचे दगड. आणि वळणाच्या खाली, जिथं ओढा पुढे सरळ होतो, तिथं पालिकेची नवी बाग आणि विश्रामगृहाचा व्हरांडा.

"आणखी थोडा पुढे नेला असता नळ," म्हातारी म्हणाली, "तर दगडांच्या खाली पडला असता."

"मग त्या व्हरांड्याला वास आला असता, आत्या."

म्हातारीनं व्हरांड्याकडे पाहिलं आणि मग स्वतःच्या वाकड्या मनगटाकडे. दुखण्यानं तिच्या कपाळावर घाम आला होता. मग ती म्हणाली, "चादरी कधी येतात?"

चादरी आल्या त्या विश्रामगृहाच्या रखवालदाराच्या सायकलवरून. "पांढऱ्या शुभ्र पाहिजेत हं," तो म्हणाला. "मोठी माणसं आहेत. माझी नोकरी जाईल."

"तुझी नाही जाणार," म्हातारी म्हणाली. तिच्या हाताला फळी बांधली होती. "कोणी विचारलं तर निळीचं नाव सांग."

सुनेनं एकही पायरी चुकवली नाही. सोडा, साबण, बडवणं, पिळणं, सगळं रोजच्यासारखं, फक्त पाणी ओढ्याचं. म्हातारी काठावर बसून बघत होती. एका अभ्र्याचा कोपरा सुनेनं घाईत नुसता भिजवला तेव्हा ती ओरडली, "नीट बडव! आपल्या कामात खोट नको. उद्या म्हणतील, धुतलेच नाहीत." चादरी उन्हात वाळल्या तेव्हा तशा पांढऱ्याच दिसत होत्या, किंचित पिवळसर. वास मात्र दोरीजवळ थांबू देत नव्हता. इस्त्रीवाल्यानं त्या इस्त्रीला घेतल्या आणि गरम इस्त्री लागताच वास असा उसळला की तो खोकत बाहेर आला.

"आपलं गिऱ्हाईक जाणार," तो म्हणाला. "माझी नोकरी पण."

"हो," सून म्हणाली.

तो तोंडाला फडकं बांधून आत गेला आणि घड्या कडक घातल्या, कोपऱ्याला कोपरा जुळवून. संध्याकाळी गठ्ठा म्हातारीनं स्वतःच्या डोक्यावर घेतला. सुनेला हात लावू दिला नाही. "बोलणी खायची तर मीच खाईन," ती म्हणाली.

विश्रामगृहात पुढे काय झालं ते रखवालदार नंतर गावभर सांगत होता. साहेबांनी आधी खिडक्या उघडल्या, मग खाटा बाहेर काढायला लावल्या, मग उशीला टेकले तसे उठून बसले. टॉवेलानं तोंड पुसलं आणि पुन्हा तोंड धुतलं, आणि पुन्हा तोच टॉवेल. सकाळी सुनावणीला ते आले तेव्हा डोळे लाल होते आणि कोणी कोणाच्या फार जवळ बसत नव्हतं.

पालिकेचं सभागृह भरलं होतं. इस्त्रीवाल्याच्या घरचे तिघे शेवटच्या रांगेत उभे होते. त्यांना बसायला कोणी जागा दिली नाही. आराखड्याची काच पुसून पुढे मांडली होती. इंजिनिअर बाई बोलायला उठली तेवढ्यात अध्यक्षांनी तिला थांबवलं. आज ते हसत नव्हते. त्यांनी शिपायाला खूण केली. शिपायानं नाक धरून चादरींचा गठ्ठा आणला आणि म्हातारीच्या पायाशी टाकला. गठ्ठा सुटला आणि पार पहिल्या रांगेपर्यंत बायकांनी पदर नाकाला लावले.

"सगळ्या गावासमोर विचारतो," अध्यक्ष म्हणाले. "पाहुण्यांच्या खाटेवर हे घातलंत? लाज नाही वाटली? हे काय आहे?"

म्हातारीनं वाकून एक चादर उचलली. डाव्या हातानं, कारण उजवा बांधलेला. तिची घडी मोडली आणि सगळ्यांना दिसेल अशी धरली.

"हा पहिला टप्पा आहे, साहेब," ती म्हणाली. "दुसरा दहा वर्षांनी."

मागून कोणीतरी फिसकन हसलं आणि ते हसू पसरत गेलं. पण दूधवालीला हसू आलं नाही. ती उठली. "माझी जनावरं त्याच ओढ्यावर पाणी पितात," ती म्हणाली. "दगडांच्या खाली. मला कोणी सांगितलं नव्हतं." भाजीवाला उठला. त्याचा मळा आणखी खाली होता. मग बरेच जण एकदम बोलू लागले. अध्यक्ष टेबल ठोकत होते, पण ते पालथ्या घड्यावर पाणी.

वरून आलेल्यांपैकी मोठ्या साहेबानं हात वर केला. तो दमलेला होता आणि दमलेला माणूस फार गोल बोलत नाही. त्यानं इंजिनिअर बाईला विचारलं, "नळाचं तोंड ह्या जागेच्या खाली नेता आलं असतं का?"

"आलं असतं," ती म्हणाली. "माझ्या पहिल्या नकाशात ते खालीच होतं. तिथं विश्रामगृह आणि बाग आहे, म्हणून वर घ्यायला सांगितलं. आणि केंद्र पहिल्या टप्प्यातच हवं, असंही मी लिहिलं होतं." तिनं अध्यक्षांकडे बघितलं नाही.

"बघू," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "सुधारणेचा विचार करू. बघू."

"'बघू' म्हणजे नाही."

हे कोण बोललं म्हणून सगळ्यांनी वळून बघितलं. इस्त्रीवाला. त्याचे कान लाल झाले होते आणि हात कुठे ठेवावेत ते त्याला कळत नव्हतं, पण तो बोलत राहिला. "जोवर तोंड आमच्या दगडांच्या वर आहे, तोवर आमच्या घरात डोहाचं पाणी येणार नाही. सगळ्या गावाचे कपडे ह्याच पाण्यात धुतले जातील. अध्यक्षसाहेबांचे सुद्धा. ज्यांना चालेल त्यांनी द्यावेत. आणि ती पहारेकऱ्याची जागा दुसऱ्याला द्या."

साहेबांनी आराखडा परत पाठवला. तोंड खाली आणि केंद्र पहिल्या टप्प्यात, हे लेखी झाल्याशिवाय मंजुरी नाही आणि तोवर उघडं तोंड बंद. दुसऱ्या दिवशी नळाच्या तोंडावर फळ्या ठोकून बंद करायला तोच मुकादम आला. अध्यक्षांचे कपडे मात्र त्यानंतर या घरात आले नाहीत. ते कुठे धुतात ते गावाला माहीत नाही, पण सदरा पूर्वीसारखा पांढरा नसतो एवढं गावाला दिसतं.

त्या दिवशी सुनावणी संपून लोक पांगले. गठ्ठा जमिनीवर तसाच पडून होता. तो कोणी उचलेना. म्हातारी वाकली.

"राहू द्या, आत्या," सून म्हणाली. "त्यांना गरज असेल तर धुतील."

"आपल्या घरातनं गेलाय ना वासाचा कपडा?" म्हातारी म्हणाली. "मग पुन्हा धुवायचा. पैसे मागायचे नाहीत."

ओढ्यातला गाळ वाहून जाऊन पाणी निवळलं तेव्हा त्या चादरी धुतल्या. त्याच सकाळी इंजिनिअर बाई नवे खुंटे घेऊन आली, मुकादम मागून तिची पेटी उचलून. तिनं दगड बघितले, मग म्हातारीला विचारलं, "तुमचं धुणं कुठे संपतं ते दाखवता?"

म्हातारीनं दाखवलं. पहिला खुंटा तिथून बराच खाली, बागेच्या कुंपणाशी आला. ठोकायला म्हातारीचा हात चालत नव्हता. तिनं थापी सुनेकडे दिली. आजवर तिनं ती कोणाला वापरू दिली नव्हती, सुनेला तर नाहीच. सुनेनं ती घेतली आणि खुंटा ठोकला. नेम धरून, दगडावर कपडा बडवावा तसा. मग ती ओल्या चादरी घेऊन आली, कैचीसारख्या उभ्या केलेल्या बांबूंवरून दोरी टाकली आणि दोरीचं एक टोक त्या लाल खुंट्याला बांधलं.

मुकादम बघत होता. इतका वेळ गप्प राहिला, पण सवय जात नाही.

"बाई, सरकारी खुंटा आहे तो."

"माहीत आहे," सून म्हणाली आणि गाठ ओढून घट्ट केली. "पण ह्या वेळी तो आम्हाला विचारून ठोकलाय."